गाइडिंग जमत नाहीये? आधी दुर्बीण ध्रुवाकडून हलवा

प्रश्न : नमस्कार सर, मी नाशिकचा. माझ्याकडे ८० मिमीचा ईडी रिफ्रॅक्टर आहे, फोकल लेंथ ६०० मिमी, आणि गोटू (स्वतः लक्ष्याकडे वळणारा) इक्विटोरियल माउंट. फोटोत ३० सेकंदांच्या एक्सपोजरपर्यंत तारे गोल येतात पण २ मिनिटं दिली की लांबुळके होतात. म्हणून गाइडिंगसाठी, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत दुरुस्त करायला, २०० मिमी फोकल लेंथचा गाइडस्कोप (मुख्य दुर्बिणीवरची छोटी दुर्बीण) आणि ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा गाइड कॅमेरा घेतला. पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवणं) झाली की लगेच पीएचडी-२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन (माउंटला छोटे पल्स म्हणजे हलण्याचे हुकूम देऊन तारा किती सरकतो ते मोजणं) लावतो, तर तारा पुरेसा हलला नाही असा मेसेज येऊन सगळं थांबतं. तीन वीकेंड असेच गेले. केबल खराब असेल की माउंट?

उत्तर : केबल बदलू नका आणि माउंट तर अजिबात उघडू नका. तुमच्या पत्रातला 'लगेच' हा शब्दच सगळं सांगतोय. पोलर अलाइनमेंट झाली तेव्हा दुर्बीण ध्रुवाकडेच बघत होती ना, आणि तिथेच तुम्ही कॅलिब्रेशन लावलंत.

हिशोब करून बघा. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फिरतं, गाइड स्पीड ०.५ (आकाशाच्या वेगाच्या निम्मा) ठेवला तर १ सेकंदाच्या पल्सने माउंट साडेसात आर्कसेकंद हलतो, आणि तुमच्या गाइडस्कोपला एक पिक्सेल म्हणजे साधारण ३.९ आर्कसेकंद, म्हणजे तारा सुमारे २ पिक्सेल सरकायला हवा. पण हे फक्त वैषुविक वृत्ताजवळ, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्ताजवळ. जातं फिरताना कडेचा दाणा केवढा फिरतो आणि मधल्या खिळीजवळचा किती, तसंच आहे हे. ध्रुवापासून ५ अंशांवर तोच पल्स ताऱ्याला पिक्सेलच्या जेमतेम सहाव्या भागाएवढा हलवतो, आणि पीएचडी-२ ला तर साधारण २५ पिक्सेल हालचाल बघायची असते. मग तो थांबणारच, आणि थांबला ते बरंच झालं कारण तिथे चुकून कॅलिब्रेशन झालंच असतं तर रात्रभर चुकीच्या आकड्यांवर गाइडिंग चाललं असतं.

आता मृग नक्षत्राकडे वळा. मृगाच्या पोटातल्या बाणाचे जे तीन तारे, त्यातला सगळ्यात पश्चिमेकडचा मिंटाका जवळजवळ वैषुविक वृत्तावरच आहे. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाच्या आसपास तो याम्योत्तरावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो आणि नाशिकहून तेव्हा तो ७० अंश उंच असतो. युरोपातल्या लोकांना हीच जागा बरीच खाली मिळते, आपल्याला डोक्याजवळ, स्वच्छ आणि कमी थरथरणाऱ्या हवेत, हा आपल्या अक्षांशाचा मोठा फायदा आहे आणि तो घ्यायलाच हवा. तिथे कॅलिब्रेशन करा. त्याआधी गाइडस्कोपला झाकण लावून डार्क लायब्ररी (अंधारातल्या नमुना फोटोंचा संच) बनवून घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातल्या हॉट पिक्सेललाच (अंधारातही चमकणाऱ्या पिक्सेलला) तारा समजून बसतं आणि तो पिक्सेल काही केल्या हलत नाही.

अक्षांशाचा तोटाही आहे. तुमच्याकडे ध्रुवतारा फक्त २० अंशांवर, म्हणजे धुरळ्यात, आणि उत्तरेला डोंगर किंवा बिल्डिंग असली तर दिसतच नाही. शिवाय तो खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे त्यामुळे क्रॉसहेअरच्या मध्यावर आणला की झालं असं नाही, पोलरस्कोपमधल्या (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर त्या वेळेला जिथे हवा तिथेच आणायचा. दिसत नसेल तर पीएचडी-२ मध्येच ड्रिफ्ट अलाइनचं (तारा किती वाहवतो ते बघून अक्ष जुळवायचं) टूल आहे, वेळ खातं पण त्याला ध्रुवतारा लागत नाही, मला ते फार भरवशाचं वाटतं.

तारे लांबुळके का होतात तेही सांगतो. माउंटमध्ये वर्म गिअर (स्क्रूसारखा वर्म आणि त्याने फिरणारं दातांचं चाक) असतो, १८० दातांचं चाक असेल तर वर्मचा एक फेरा ४७९ सेकंदांचा, आणि त्या फेऱ्यात माउंट कधी किंचित पुढे कधी मागे पडतो. ३० सेकंदांत ते दिसत नाही, २ मिनिटांत वर्म पाव फेरा फिरलेला असतो म्हणून दिसतं. हेच गाइडिंगने सुधारतं. पण सैल स्क्रू, लोंबणारी केबल, गाइडस्कोपचं हलणारं ब्रॅकेट हे सुधारत नाही, पीएचडी-२ चा ग्राफ छान सपाट आणि फोटोत तारे लांब असं दिसलं की आधी ब्रॅकेट आवळा. बॅलन्स करताना पूर्वेकडची बाजू अगदी थोडी जड ठेवा म्हणजे आरएचे (आकाशाबरोबर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या अक्षाचे) दाते एका बाजूला टेकून राहतात.

आणि एक कळकळीची विनंती, सेटिंग्ज चाळवत बसू नका. गाइड कॅमेऱ्याचं एक्सपोजर २ ते ३ सेकंद ठेवा, अर्ध्या सेकंदावर नेलंत तर माउंट हवेच्या थरथरीमागे धावत बसेल. मग पीएचडी-२ मधला गाइडिंग असिस्टंट काही मिनिटं चालवा, तो बॅकलॅश (दात्यांमधला सैलपणा) मोजून सांगेल. ४.३ मायक्रॉन पिक्सेलचा डीएसएलआर असेल तर तुमच्या दुर्बिणीवर एक पिक्सेल म्हणजे दीड आर्कसेकंद, तेव्हा टोटल आरएमएस (गाइडिंगची एकूण सरासरी चूक) १ आर्कसेकंदाच्या आसपास आला की ग्राफ बघणं सोडा आणि फोटो काढा.

प्रश्न : एका रात्रीत दोन-तीन ऑब्जेक्ट करायचे असतील तर प्रत्येक वेळी नवीन कॅलिब्रेशन करावं लागतं का?

उत्तर : माउंट कसा जोडलाय त्यावर आहे. कॅमेऱ्यातून माउंटच्या एसटी-४ (गाइडिंगच्या) पोर्टला केबल असेल तर हो, कारण दुर्बीण कुठे बघतेय हे सॉफ्टवेअरला कळतच नाही. माउंट एएसकॉम ड्रायव्हरने (लॅपटॉपला माउंटशी बोलू देणारं सॉफ्टवेअर) थेट लॅपटॉपला जोडलात आणि पल्स त्यातूनच दिले तर एकदाच पुरे, मेरिडियन फ्लिप (याम्योत्तर ओलांडल्यावर दुर्बीण दुसऱ्या बाजूला वळवणं) झाली तरी ते सांभाळून घेतं. फक्त गाइड कॅमेरा मध्येच काढून फिरवून लावू नका, फिरवलात तर पुन्हा मिंटाकाकडे.