डायलिसिसच्या रुग्णाला शहाळे आणि घरचा डबा का देऊ देत नाहीत?

तुमच्या वडिलांचे डायलिसिस नुकतेच सुरू झाले आहे, रुग्णालयातले अळणी जेवण ते जेमतेम दोन घास खातात आणि घरचा डबा तर सोडाच, शहाळेही आत नेऊ देत नाहीत. यामागे खरोखर वैद्यकीय कारण आहे की उपाहारगृहाचा धंदा, असे तुम्ही विचारले आहे. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, म्हणून स्पष्टच सांगते: डब्यावरच्या सरसकट बंदीत काही ठिकाणी धंदाही असतो, पण शहाळ्याच्या बाबतीत रुग्णालयाचेच बरोबर आहे.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे निकामी झाली की ते लघवीवाटे बाहेर न पडता रक्तात साचते आणि त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडून प्रसंगी हृदय बंद पडू शकते. मिठाऐवजी सैंधव चालेल का, असे नातेवाईक हमखास विचारतात. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे साध्या मिठासारखेच आहे. ‘लो सोडियम’ मीठ तर अधिक धोक्याचे, कारण त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.

मात्र ताट तसेच परत जाणे मला शहाळ्याइतकेच गंभीर वाटते. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी करायला सांगतात. ते सुरू झाल्यावर उलट वाढवावी लागतात, दर किलो वजनामागे रोज साधारण 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. कित्येक घरांत जुनेच पथ्य पुढे चालू राहते. त्यात डायलिसिस चालते सुमारे 4 तास. त्या वेळात आलेले ताट खाटेशेजारी झाकून राहते, रुग्ण परतेपर्यंत पोळी वातड होते, मावशी ताट उचलून नेतात आणि नोंद राहते ती ‘जेवण दिले’ एवढीच.

म्हणून ताटात रोज काय उरते ते तुम्ही स्वतः आहारतज्ज्ञांना सांगा आणि डायलिसिसच्या दिवशी जेवणाची वेळ बदलून मागा. घरून एखादा पदार्थ आणण्याची परवानगीही त्यांच्याकडूनच घ्या. भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून देऊन लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेली आणि जोडीला अंड्याचा पांढरा भाग, असा बिनमिठाचा डबा मी तरी अडवत नाही. लोणचे-पापड मात्र काढून ठेवायला लावते. वडील शाकाहारी असतील तर डाळीचे प्रमाण आधी ठरवून घ्या, कारण तिच्यातही पोटॅशियम असते.