वाचकांचे प्रश्न: व्हरांड्यातले बोलिंग

प्रश्न: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसते, मुले २०. पावसात मैदान बंद, व्हरांडा मात्र लांब आहे. तिथे बोलिंग, म्हणजे चेंडू घरंगळत सोडून मांडलेल्या दहा पिना पाडण्याचा खेळ, खेळवून गणित-विज्ञान शिकवता येईल का? पिनांच्या जागी बाटल्या मांडून पाहिल्या, पण टेनिसचा चेंडू मधूनच निसटतो आणि मुले रांगेत कंटाळतात.
– एक शिक्षिका, वाळपई

उत्तर: नक्की येईल. चेंडू निसटतो, कारण फट चेंडूपेक्षा मोठी आहे. खऱ्या खेळात दोन पिनांचे मध्य १२ इंचांवर असतात, पिनचे पोट पावणेपाच इंच; म्हणजे फट सव्वासात इंच आणि चेंडू साडेआठ इंचांचा. ही वजाबाकी मुलांनाच करू द्या. मग टेनिसचा चेंडू बाजूला ठेवून शाळेतला फुटबॉल घ्या. हवा थोडी कमी करा, नाहीतर तो उसळून बाटल्यांवरून जातो.

एक लिटरच्या १० बाटल्या लागतील. मांडणीसाठी दोरी आणि खडूने ६० सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढा. प्रत्येक बाजूवर २० आणि ४० सेंटिमीटरवर खूण करा. कोपरे ३, खुणा ६, झाले ९. दहावी जागा समोरच्या टोकापासून दोन्ही बाजूंवर ४० सेंटिमीटरवर असलेल्या खुणांच्या बरोबर मध्ये. ती शोधायला सांगा, आयती दाखवू नका. भूमितीचा खरा धडा तिथेच आहे. १+२+३+४ हेही आपसूक दिसते.

बाटल्यांत तळाशी बोटभर कोरडी वाळू घाला. पाणी नको, झाकण सुटले की लादी निसरडी होते. एक रिकामी, एक पाव भरलेली, एक काठोकाठ वाळूची अशा तीन बाटल्या फळीवर ठेवा, घसरू नयेत म्हणून पुढे पट्टी ठोका आणि फळी हळूहळू उचला. पाव भरलेली सर्वांत शेवटी पडते, कारण तिचा गुरुत्वमध्य तळाजवळ असतो. काठोकाठ भरलेली जड असूनही आधी कलंडते. मुलांचे अंदाज आधी फळ्यावर लिहून घ्या.

गुणलेखनात मुले हमखास चुकतात. फ्रेम म्हणजे एका खेळाडूची दोन चेंडूंची पाळी. पहिल्या फ्रेममध्ये ७ आणि ३, म्हणजे दोन चेंडूंत दहाही पडल्या तर तो स्पेअर. लगेच १० लिहायचे नाहीत, पुढचा चेंडू पाहायचा. पुढे ४ आणि ५ पडल्या तर पहिली फ्रेम १४, दोन्ही मिळून २३. पहिल्याच चेंडूत दहाही पडल्या तर तो स्ट्राइक; त्याला पुढच्या दोन चेंडूंचे गुण मिळवायचे. तिसरीला नुसती बेरीज पुरे.

कंटाळ्यावर उपाय: दोन मांडण्या, प्रत्येकीवर पाच जण. एक टाकतो, दोघे बाटल्या उभ्या करतात, एक चेंडू आणतो, एक गुण लिहितो. दर फ्रेमला कामे बदला. उरलेले दहा जण दाराशी बसून आधीच्या गुणांचा चित्रालेख काढतील. भाषेसाठी खेळाचे नियम मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावेत, आणि दुसऱ्या गटाने तेवढेच वाचून खेळावे. काय लिहायचे राहिले ते लगेच कळते.

प्रश्न: सहावीतल्या मुलीला बोलिंग अ‍ॅलीत नेणार आहोत. शिकण्यासारखे काय पाहावे?
– एक पालक, मडगाव

उत्तर: चेंडूवरचा आकडा म्हणजे त्याचे वजन, पौंडांत. साधारण नियम खेळणाऱ्याच्या वजनाच्या दहाव्या भागाचा. ३० किलोच्या मुलीला ६ पौंडांचा, म्हणजे २.७ किलोचा बरा. लेनचा, म्हणजे चेंडू घरंगळतो त्या लाकडी पट्टीचा, खेळाडूकडचा भाग तेलकट, पिनांजवळचा कोरडा असतो. फिरकी दिलेला चेंडू तिथेच वळतो, हे घर्षण तिला दाखवा. पडद्यावरचे गुण न पाहता तिने कागदावर मांडावेत आणि शेवटी ताडून बघावेत.