निर्दोष सुटल्यावर पुढे काय?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सहा वर्षं कच्चा कैदी होता. आता निर्दोष सुटलाय. आत अडकलेल्यांसाठी काम करायचं म्हणतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी निकालपत्राच्या तीन-चार प्रमाणित प्रती काढून ठेवा. त्यात ‘संशयाचा फायदा’ हे शब्द असतील तर नोकरीची पडताळणी तिथेच अडू शकते. भरपाई आपोआप मिळत नाही, हा मोठाच अन्याय आहे. त्यासाठी वेगळं कोर्टात जावं लागतं. हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ५० लाख दिले, पण असे निकाल विरळाच.

कामासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक (पीएलव्ही) म्हणून अर्ज करू द्या. त्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (अटक, जामीन, खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलम ४७९ पाठच करावं. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर बंधपत्रावर (कोर्टात हजर राहण्याच्या लेखी हमीवर) सोडायचं असतं. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे तिचा एक तृतीयांश बारा महिने. इतरांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि दुसरा खटला प्रलंबित असला तरी अडतं. ही मुदत भरल्याचं कोर्टाला लेखी कळवायचं काम तुरुंग अधीक्षकांचं. ते राहून जाऊ नये म्हणून भावाने वहीत प्रत्येक कैद्याची अटकेची तारीख, कलम आणि इतर खटले लिहावेत. कैद्याला वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००.