कुबेर नव्हे, कप्तान तर नव्हेच

प्रश्न असा आहे: 'आम्ही ऑफिसात रोज कुबरनेटीज नावाची संगणकप्रणाली वापरतो. शब्द ग्रीक आहे म्हणतात. कोणी तो कुबेराशी जोडतं, कोणी जहाजाचा कॅप्टन असा अर्थ सांगतं. खरं काय? आणि मराठीत काय म्हणावं?'

कुबेराचा काडीचा संबंध नाही. कॅप्टन हा अर्थ तर मी इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते. मूळ शब्द 'कुबेर्नेतेस', म्हणजे सुकाणू धरणारा. अथेन्सच्या त्रिएरेस या युद्धनौकेवर सुमारे 200 माणसं असत, त्यांतली 170 वल्ही मारणारी. तिचा कॅप्टन 'त्रिएरार्खोस', म्हणजे बहुधा वर्षभर नौकेचा खर्च सोसणारा धनिक. त्याला समुद्र कळत असेलच असं नाही. नौका कुबेर्नेतेसच्या हातात असे. अरिस्तोफानेसच्या इ.स.पू. 424च्या एका नाटकात या कामाच्या पायऱ्या दिल्या आहेत: आधी वल्हं मारा, मग सुकाणूला हात लावा, मग पुढच्या टोकाला उभं राहून वारे ओळखा, आणि त्यानंतरच स्वतः नौका हाका. बायबलातही (प्रेषितांची कृत्ये 27:11) कुबेर्नेतेस आणि जहाजाचा मालक 'नौक्लेरोस' ही दोन वेगळी माणसं आहेत.

त्या प्रणालीच्या चिन्हात सात आऱ्यांचं चाक आहे. जहाजांवर असं चाक आलं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. ग्रीक नौकेच्या मागच्या टोकाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन मोठी वल्ही बांधलेली असत, आणि दोन्हींच्या दांड्या एकाच माणसाच्या हातात. या वल्ह्याचं नाव 'पेदालिओन'.

आता खरी गंमत. पेदालिओन आला 'पेदोन'वरून. पेदोन म्हणजे वल्ह्याचं पातं, आणि त्याचं मूळ आपल्या 'पद'शी जुळणारं. ग्रीकांना त्या पात्यात पाऊल दिसलं. आपल्या पूर्वजांना काय दिसलं? कान! संस्कृतात सुकाणूला 'कर्ण' म्हणतात, म्हणून ते धरणारा 'कर्णधार'. कोशकार 'कान' आणि 'सुकाणू' हे अर्थ शेजारी मांडतात आणि पुढे जातात. का, ते विचारतच नाहीत. माझं मत ठाम आहे: नावेच्या मागच्या अंगाला दोन्हीकडून बाहेर आलेली वल्ही म्हणजे डोक्याचे दोन कान. आपण कढईचे कान म्हणतो, ते याच नजरेनं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं गलबत रंगवलंय. त्याच्या कडेला लावलेलं सुकाणूचं वल्हं बघा, म्हणजे पटेल. कोणी म्हणेल की वल्हं तिरकं असतं, म्हणून भूमितीतल्यासारखा तो कर्ण. मला हे पटत नाही. नाव हाकणाऱ्याला चौकोनाच्या कोपऱ्यांशी काय देणंघेणं? त्याच्या डोळ्यापुढे नाव होती आणि तिच्या दोन बाजू.

कुबेर्नेतेसच्या व्युत्पत्तीवरही माझं भांडण आहे. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट बीकस यांनी 2010च्या आपल्या ग्रीक व्युत्पत्तिकोशात हा शब्द ग्रीकपूर्व भाषेच्या खात्यात टाकला. सायप्रसच्या बोलीत त्यात 'ब'ऐवजी 'म' येतो, हा त्यांचा एक आधार. पण 'म' आणि 'ब' यांचं गूळपीठ आपल्या स्वयंपाकघरातही आहे: आम्रचा आंबा, ताम्रचं तांबं. तेवढ्यावर परकेपणाचा शिक्का कसा मारायचा? जुन्या अभ्यासकांनी रथाच्या दांडीला असलेला संस्कृत शब्द 'कूबर' याच्याजवळ आणून ठेवला होता. हाताशी असलेली लांब दांडी आणि तिनं वळणारं वाहन! पुरावा तोकडा आहे, मान्य. तरी कूबर मला सोडवत नाही.

पुढचा प्रवास सगळ्यांना माहीत असलेला. लॅटिनमध्ये 'क'चा 'ग' होऊन 'गुबेर्नारे' झालं आणि त्यातून गव्हर्नर आला. 1948 साली गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी यंत्रं आणि सजीव यांच्या नियंत्रणाच्या शास्त्राला थेट ग्रीकातून सायबरनेटिक्स हे नाव घेतलं, त्याचा तुकडा म्हणजे सायबर. तेव्हा 'माझ्यावर सायबर झालं' म्हणू नका. फसवणूक झाली म्हणा.

हां, मराठी शब्द. कर्णधार हाच नेमका. पण तो आपण क्रिकेटच्या नाणेफेकीला देऊन टाकला आणि त्यातला हातातला दांडा विसरलो. तुम्ही तो जुन्या अर्थानं वापरा. नाहीतर 'सुकाणू धरणारा' म्हणा. सुकाणू मूळचा अरबी 'सुक्कान', पण आता पुरता आपला.