चकतीतून हवा का निघत नाही?

प्रश्न : कोळंबीच्या टाक्यांत हवा सोडण्यासाठी सच्छिद्र प्लॅस्टिकच्या चकत्या करतो; व्यास 100 मिमी, जाडी 6 मिमी. पाण्याच्या टाक्यांसाठी मिळते ती रोटो पावडर 38 ग्रॅम भरतो, ओव्हन 200 अंशांवर ठेवतो आणि साचा गरम असतानाच प्रेसखाली घेतो. हवा फक्त कडेने निघते. दाब वाढवावा का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : दाब वाढवलात तर उरलीसुरली भोकंही जातील.

आधी वजन बघा. साच्याचं आकारमान सुमारे 47 घन सेंमी. रोटो पावडर म्हणजे पॉलिइथिलिन प्लॅस्टिकच; ते 38 ग्रॅम भरलं म्हणजे पोकळी जेमतेम 14 टक्के, आणि तीही बहुतेक बंद. 26 ग्रॅम भरलंत तर 40 टक्क्यांच्या वर जाते.

दुसरं, रोटो पावडर टाकीसाठीच बनवलेली असते. वितळून वाहणं हे तिचं कामच. तुम्हाला यूएचएमडब्ल्यू, म्हणजे फार लांब रेणूंच्या, पॉलिइथिलिनची पावडर हवी. ती 135 अंशांच्या आसपास वितळते, पण वाहत नाही, रबरासारखी राहते. त्यामुळे कण एकमेकांना टेकतात तिथेच जुळतात आणि मधल्या फटी शाबूत राहतात. महाग आहे, पण इथे काटकसर परवडणार नाही. 150 ते 250 मायक्रॉनचे कण चाळून घ्या. बारीक भुकटी नेमकी फटींतच जाऊन बसते.

पावडर भरताना साचा ठोकून बसवा. थंड असतानाच झाकण 6 मिमीच्या स्टॉपरपर्यंत आवळा आणि नंतर दाबाला हात लावू नका. साच्याच्या मधोमध थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घाला. ओव्हनचा काटा 200 दाखवत असला तरी आतला भाग बराच मागे असतो. तिथे 180 आले की पाचेक मिनिटं थांबा. साचा आवळलेला ठेवूनच 60 अंशांखाली येऊ द्या, नाहीतर चकती वाकते. सिलिकॉन स्प्रे टाळा, तो कणांवर बसला की सांधा धरत नाही. टेफ्लॉनचं कापड अंथरा.

कड नखाने घासून पाहा. भुकटी सुटली तर उष्णता कमी पडली. पृष्ठभाग काचेसारखा चकाकला तर जास्त झाली.

वापरातली चकती बाहेर काढल्यावर वाळण्याआधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. खारं पाणी भोकांतच सुकलं की मीठ धरतं, आणि मग दोष उगाच साच्यावर जातो.