गावाच्या नावातला 'दुमाला' आणि 'खालसा'

प्रश्न असा आलाय की कोल्हापूरकडे सडोली खालसा आणि सडोली दुमाला अशी दोन गावं आहेत, शिरूर तालुक्यात पिंपरी दुमाला आहे, संगमनेरकडे कासारा दुमाला, तर हे दुमाला म्हणजे नक्की काय, दोन माळांवर वसलेलं गाव का? आणि दुसरं म्हणजे विचारणाऱ्यांच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत जो जुना कागद सापडला त्यावर 'दुमाला' लिहून पुढे 'जुडी'चा आकडा आहे, तर इंग्रजांनी ती जमीन जप्त केली होती असा त्याचा अर्थ घ्यायचा का?

माळांचा काही संबंध नाही हो, मजल्यांचाही नाही. आणि जप्तीचं म्हणाल तर नेमकं उलटं.

दुमाला हा दफ्तरातला शब्द आहे. दुमाला करणे म्हणजे हवाली करणे, एखाद्याच्या ताब्यात सोपवणे. गावाचा सारा खरं तर सरकारात जमा व्हायचा, तो सरकारने सोडून कुणा भटजीला, देवस्थानाला, सरदाराला लावून दिला की ते गाव त्याच्या दुमाला झालं. पेशवाईतली इनामपत्रं ज्यांनी चाळलीत त्यांना ही भाषा पाठ असेल, सगळीकडे साधारण एकच साचा असतो. आधी गावाचं वर्णन, मग 'कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून' असं सगळं देऊन टाकायचं, मग गाव यांचे दुमाला करून पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने चालवणे, आणि शेवटी कारकुनांना दम की प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे, या पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परत देणे. म्हणजे दरवर्षी नवा कागद आण म्हणून या माणसाला छळू नका, नक्कल ठेवून घ्या आणि मूळ कागद त्याचा त्याला देऊन टाका. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खालसा त्याच्या समोरचा शब्द. मूळ अरबी, शुद्ध, निर्भेळ असा अर्थ, म्हणजे मधे कोणी वाटेकरी नाही, वसूल थेट सरकारात. म्हणून जिथे एकाच नावाची दोन गावं शेजारी आहेत तिथे ओळखायला एकाला खालसा आणि दुसऱ्याला दुमाला, बुद्रुक आणि खुर्द लावतात तसंच. फक्त बुद्रुक-खुर्दमध्ये मोठं-धाकटं बघायचं असतं आणि इथे पैसे कुणाच्या पेटीत जातात ते.

आता तुम्ही म्हणाल 'खालसा करणे' म्हणजे तर जप्त करणे, शाळेत तसंच शिकलो, डलहौसीने १८४८ मध्ये सातारा खालसा केला. बरोबर आहे, पण तो अर्थ गमावणाऱ्याच्या बाजूचा. दफ्तराच्या नजरेने ते गाव फक्त खालसात जमा झालं, ज्याचं उत्पन्न गेलं त्याच्या तोंडी ती जप्ती. आणि हा अर्थ मराठीत इतका घट्ट बसला त्याला माझ्या मते जेवढा डलहौसी जबाबदार आहे तेवढंच, कदाचित जास्तच, इनामांचे हक्क तपासायला इंग्रजांनी बसवलेलं इनाम कमिशन जबाबदार आहे, कारण संस्थानं गेली ती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी पण कमिशनची नोटीस खेड्यापाड्यातल्या दोन बिघ्याच्या इनामदारालाही आली.

झालं असं की फेब्रुवारी १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून सांगितलं होतं की वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानांच्या नेमणुका सगळं चालू राहील. लोक निर्धास्त झाले. पण १८४३ च्या सुमारास धारवाडकडे चौकशी सुरू झाली की ही एवढी जमीन साऱ्यातून सुटलीय ती खरंच कुणी दिलेली आहे का गडबडीत लोकांनी दाबलेली आहे, हार्ट नावाचे साहेब त्यावर नेमले गेले, आणि मग १८५२ चा अकरावा कायदा आला तेव्हा याला पक्कं रूप मिळालं. दख्खन, खानदेश आणि कृष्णेपलीकडचा मराठी मुलूख असा त्याचा टापू. (कोल्हापूर संस्थान होतं, त्याला हा कायदा लागू नव्हता, त्यामुळे सडोलीचा हिशोब वेगळा, शब्द मात्र तेच.)

कायद्याला दोन परिशिष्टं होती. एकात नेमणुका: इनाम कमिशनर, त्याच्या हाताखाली असिस्टंट, त्यांनी कुणाला बोलवायचं, कुठले कागद मागवायचे. दुसऱ्यात दावे तपासायचे नियम, आणि खरी मेख तिथे आहे. सनद अस्सल असेल आणि देणारा देण्याच्या अधिकाराचा असेल तर सनदेतल्या शब्दांप्रमाणे चालवायचं, इथवर ठीक. पण सनद हरवली, जळाली, वाळवीने खाल्ली तर? मग भोगवटा बघायचा, म्हणजे किती वर्षं बिनतक्रार उपभोग चाललाय. इंग्रजी अंमल येण्याआधी ६० वर्षं सलग उपभोग आणि अंमल आला तेव्हा जमीन मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्याच्या खालच्या पुरुष वारसाकडे असेल तर पुरुषवंश आहे तोवर चालू. ४० वर्षं आणि मुलाकडे असेल तर आणखी फक्त एक पिढी, मग खालसा. मशिदी-देवळांच्या कायम नेमणुका मात्र कायम.

जरा आकडेमोड करून बघा. पेशव्यांचा मुलूख १८१८ ला गेला, त्यातून ६० वजा केले की १७५८, म्हणजे नानासाहेब पेशवे हयात असतानाचा काळ, पानिपतही व्हायचंय. थोरल्या माधवरावाच्या काळात मिळालेलं इनाम, हातात धड सनद नाही, तर ६० च्या नियमात बसतच नाही. आणि वंश पोटचा हवा, सगळा पुरुषांकडून मोजलेला, त्यामुळे दत्तकाची वाट बंद. ज्या समाजात निपुत्रिक माणूस दत्तक घेतो आणि नाव चालवतो तिथे हा नियम म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

आणि ते मघाचं वाक्य, अस्सल पत्र भोगवटियास परत देणे. पेशव्यांच्या कारकुनाने नक्कल ठेवून मूळ कागद घरी पाठवला, तो पुढची ऐंशी-नव्वद वर्षं पेटीत, कोनाड्यात, वाटण्या झाल्या तर कुठल्या भावाकडे गेला देव जाणे. कमिशन तोच मागायला आलं, आणि खोटेपणा पकडायला पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दींशी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्यांशी, ताडून बघायला लागलं. बनावट सनदा पकडल्या गेल्या हेही खरं आहे, सगळे इनामदार काही सोवळे नव्हते. पण दाव्याचा बोजा सगळा धारकावर, आणि कमिशनच्या निकालावर दिवाणी कोर्टात जायची सोय नाही, दाद मागायची तर सरकारकडेच. असिस्टंट म्हणून लष्करातले तरुण अधिकारीही नेमले होते, कायद्याचं शिक्षण वगैरे बेताचंच. ३५ हजार प्रकरणं आणि पहिल्या पाच वर्षांत त्यातल्या पाचांत तीन जप्त हे आकडे १८५७ वरच्या पुस्तकांत नेहमी दिसतात. आपले लोकहितवादी, गोपाळ हरी देशमुख, तेही काही वर्षं असिस्टंट इनाम कमिशनर होते. आणि १८५८ च्या मे महिन्यात नरगुंदचे संस्थानिक भावे यांच्या उठावात सुरेबानला मारला गेलेला इंग्रज अधिकारी मॅन्सन आधी याच कमिशनमध्ये होता, त्याच्याबद्दलचा राग तिथूनच साठत आलेला. नरगुंदकरांचंही दुखणं दत्तकाचंच.

१८५७ नंतर सरकारने हात आखडता घेतला आणि १८६३ मध्ये तडजोडीचे कायदे आले, समरी सेटलमेंट म्हणतात ते. म्हणजे हक्क तपासून घ्यायचा नसेल तर नको, दख्खनमध्ये आकाराच्या, म्हणजे जमिनीवर ठरलेल्या पूर्ण साऱ्याच्या, रुपयाला चार आणे वर्षाला भरा, वर थोडा नजराणा, आणि जमीन वंशपरंपरा तुमची, विका, दत्तक घ्या, आम्ही विचारणार नाही. हे जे चार आणे तीच जुडी. जुडी हा शब्द काही इंग्रजांनी आणला नाही, इनामावरची हलकी पट्टी या अर्थाने तो आधीपासून होता, पण सरसकट भाव ठरला तो इथे. आजही सातबाऱ्यावर 'जुडी किंवा विशेष आकारणी' असा रकाना असतो बघा, बहुतेकांच्या उताऱ्यावर तो रिकामा असतो म्हणून कुणी लक्ष देत नाही. भोगवट्याचंही तेच, सनदेतला भोगवटिया, कमिशनने तपासलेला भोगवटा आणि आजचा भोगवटादार वर्ग १, वर्ग २, सगळी एकाच शब्दाची पोरं.

साहेबी कागदात दुमाला गावाला एलिअनेटेड, म्हणजे सरकारच्या हातून दुसऱ्याकडे गेलेलं, म्हणायचे, म्हणून पुण्यात पेशवे दफ्तर सांभाळणाऱ्या कचेरीचं नाव एलिअनेशन ऑफिस. हल्लीच्या पोरांना सांगितलं तर एलियन्सच्या उडत्या तबकड्या उतरायच्या का तिथे म्हणून विचारतील. दुमाला गावात सरकारची मोजणीही आपोआप येत नसे, इनामदाराने मागितली तर, त्यामुळे शेजारच्या खालसा गावाला सर्व्हे नंबर पडले तरी दुमाला गाव जुन्याच बिघे-पांडावर चाललंय असंही व्हायचं.

आता तुमच्या कागदाबद्दल. दुमाला लिहून पुढे जुडीचा आकडा आहे म्हणजे जमीन तेव्हा घराण्याकडेच राहिली होती, जप्त झाली असती तर खालसा म्हणून पूर्ण आकार लागला असता. जुडीशेजारी आकारही लिहिला असेल तर भागून बघा, बरोबर चौथाई निघाली तर समरी सेटलमेंटची शक्यता मोठी. वैयक्तिक इनामं १९५२ च्या कायद्याने गेली आणि आकार पूर्ण लागला, पण धारक तोच राहिला असेल तर जमीन घरातच असणार, फक्त इनाम हा शब्द गेला. कागदावर 'देवस्थान' किंवा 'वर्ग ३' (हा इनामाचा वर्ग, भोगवटादाराचा नव्हे) दिसलं तर मात्र प्रकरण वेगळं आहे, ती इनामं त्या कायद्यात गेली नाहीत आणि विक्रीवर बंधनं आहेत, तेव्हा सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना आणि जुने फेरफार काढून मगच पुढचं काय ते ठरवा.