लिव्हरचा पेशंट आणि त्याचं ताट

वडिलांना सिरोसिस (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार) आहे, पोटात पाणी झालंय. वजन 62 वरून 66 किलो झालं, तरी डॉक्टर कुपोषण म्हणतात. कसं? (रावेर)

काटा पाणीही मोजतो. त्यांचे दंड, मांड्या, कानशिलं बघा. सदऱ्याची बाही ढगळ आणि लेंग्याची नाडी अपुरी, असं झालं असेल तर अंगातलं मांस झडतंय. पोटात बऱ्यापैकी पाणी असेल तर आम्ही वजनातून साधारण 10 टक्के वजा करतो, पाय सुजले असतील तर आणखी 5. म्हणजे तुमच्या वडिलांचं खरं वजन 59 च्या आसपास, आणि पायही सुजले असतील तर 56 च्या आसपास धरावं लागेल. हाताचा आधार न घेता ते खुर्चीवरून उठतात का, हेही पाहा.

अमोनिया (प्रथिनांपासून शरीरात तयार होणारा विषारी घटक) वाढून मिस्टरांना भ्रम झाला होता. आता बरे आहेत, पण सासूबाईंनी वरण, अंडी, दूध सगळं बंद केलंय. नुसती पेज चालू आहे. (धुळे)

वरण आजच सुरू करा. सासूबाईंना दोष देऊ नका, एके काळी डॉक्टरच असं सांगायचे. रक्तातला अमोनिया लिव्हरखालोखाल स्नायू निस्तरतात. पेजेवर ठेवलं की स्नायू झिजतात आणि तोच अमोनिया पुन्हा डोकं वर काढतो. दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात हे भागत नाही. आपली कळण्याची भाकरी इथे कामाची: तिच्या पिठात ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळलेले असतात. जोडीला दही, घट्ट डाळ, मटकी, चालत असेल तर अंडी. मटण सोसत नसेल तर डाळी-दुधावर भर द्या.

भ्रम बहुधा बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव किंवा झोपेच्या गोळ्यांनी होतो. डॉक्टरांनी दिलेल्या पोट साफ होण्याच्या पातळ औषधाने दिवसात दोन-तीनदा मऊ शौचाला व्हायला हवं. पुन्हा बरळू लागले, गुंगी आली, तर तोंडात काही न भरवता थेट दवाखाना गाठा.

आई एकादशी, श्रावणी सोमवार सोडत नाही. एका दिवसाने काय होतं? (शहादा)

पुष्कळ होतं. निरोगी लिव्हर रात्रीपुरती साखर साठवून ठेवतं. सिरोसिसमध्ये ते कोठार रिकामंच. एका रात्रीच्या उपाशी पोटी शरीर जे करतं, ते धडधाकट माणसाचं शरीर दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर करतं, म्हणजे स्नायू मोडून साखर बनवणं. उपास सोडवाच. दिवसा तीन-चार तासांनी खाणं, आणि झोपताना साधारण 50 ग्रॅम कर्बोदकं: भाकरी-दूध, किंवा दोन मध्यम केळी. (जळगावकरांना ही शिफारस आवडेल!) मात्र साखरेचा आजार असेल किंवा पाणी उतरवण्याच्या गोळ्या चालू असतील तर केळी डॉक्टरांना विचारून द्या; काही गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं.

मिठाऐवजी सैंधव चालेल? (अमळनेर)

नाही, तेही मीठच. पोटात पाणी असेल तर दिवसाचं एकूण मीठ साधारण 5 ग्रॅम. पापड, बिबडे, लोणचं, शेव आधी बंद करा. ठेचा मात्र लसूण, दाणे, लिंबू घालून जवळजवळ अळणी करता येतो. अगदीच अळणी म्हणून पेशंट जेवेनासा झाला, तर थोडं मीठ वाढवावं का ते डॉक्टरांशी बोला. ताट परत जाण्यापेक्षा ते बरं.